१५५ मिमीचा गोळा : तोफा आहेत, पण गोळे किती दिवस पुरतील?

सह्यगिरी (धागाकर्ता)

संरक्षणावर चर्चा सुरू झाली की विमानं आणि क्षेपणास्त्रं सगळी जागा व्यापतात. तोफेच्या गोळ्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. युक्रेनच्या युद्धात मोठमोठ्या सरकारांची झोप उडवली ती मात्र याच वस्तूने. म्हणून हा धागा फक्त १५५ मिलिमीटरच्या गोळ्यावर: तो बनतो कसा, काम अडतं कुठे, आणि टंचाई झाली की राजकारणात काय घडतं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने आक्रमण केलं तेव्हा अमेरिकेत महिन्याला साधारण १४ हजार गोळे बनत होते. लढाई पेटली की युक्रेनच्या तोफा दिवसाला चार-पाच हजार गोळे झाडत. म्हणजे अमेरिकेचं महिन्याभराचं उत्पादन तीन-चार दिवसांत फस्त. युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये वर्षभरात दहा लाख गोळे द्यायचं कबूल केलं. मार्च २०२४ उजाडला तेव्हा जेमतेम निम्मे पोचले होते. नाटोच्या लष्करी समितीचे तेव्हाचे अध्यक्ष ॲडमिरल रॉब बाउअर यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर सांगितलं की दोन हजार युरोचा गोळा आठ हजारांवर गेला आहे. तिजोरीत पैसा होता, कारखाने नव्हते.

हे पहिल्यांदा घडलेलं नाही. पहिल्या महायुद्धात, मे १९१५ मध्ये, फ्रान्समधल्या ऑबर्स रिजवरचा ब्रिटिश हल्ला फसला, गोळे अपुरे पडल्याची बातमी लंडनच्या ‘द टाइम्स’ने छापली आणि पंतप्रधान ॲस्क्विथना संमिश्र सरकार बनवावं लागलं. दारूगोळ्याचं वेगळं मंत्रालय निघालं, लॉइड जॉर्ज त्याचे मंत्री झाले. वर्षभरात उत्पादन इतकं वाढलं की सोमच्या लढाईआधी आठवडाभरात १५ लाखांवर गोळे टाकले गेले. पण घाईत बनवलेल्या त्या मालातले कितीतरी फुटलेच नाहीत, आणि शेतं नांगरताना ते आजही वर येतात.

माझं म्हणणं एवढंच की तोफ विकत घेता येते, गोळ्यांचा अखंड पुरवठा ऐनवेळी विकत मिळत नाही. तो शांततेच्या काळात उभा करून, ऑर्डर नसतानाही पोसावा लागतो. जाणकारांनी भर घालावी.

गोलंदाज

चांगला विषय. सुरुवातीलाच एक स्पष्ट करतो. आपण ‘गोळा’ म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात चार वेगळ्या वस्तू असतात: पोलादी गोळा (आत स्फोटक), नाकावरचा फ्यूज (योग्य वेळी स्फोट घडवणारी कळ), गोळा फेकणारा प्रोपेलंट चार्ज, आणि तो चार्ज पेटवणारा प्रायमर. चारही वेगळ्या कारखान्यांत बनतात आणि बहुतेक वेळा तोफेपाशीच एकत्र येतात. एक जरी कमी पडला तरी उरलेल्या तिघांचा उपयोग शून्य.

जुना अमेरिकी एम-१०७ साधारण ४३ किलोचा, त्यात स्फोटक सातेक किलो. नवा एम-७९५ सुमारे ४७ किलोचा आणि टीएनटी जवळपास ११ किलो. प्रवासात नाकावर फ्यूज नसतो. तिथे कडी असलेला लिफ्टिंग प्लग पिळलेला असतो. अमेरिकी पॅलेटवर असे आठ गोळे उभे बांधलेले असतात. अंगावर छोटे रंगवलेले चौकोन दिसतात ते वजनाचे. एम-१०७ वर चार चौकोन म्हणजे प्रमाण वजन; एक चौकोन कमी-जास्त झाला की सुमारे अर्धा किलोचा फरक. तो फरक मारा मोजताना धरला नाही तर गोळा पुढे-मागे पडतो.

खालच्या बाजूला तांब्याचा पट्टा असतो, ड्रायव्हिंग बँड. नळीतल्या आट्यांत तो रुतला की गोळा फिरतो. दर २० कॅलिबरला (कॅलिबर म्हणजे नळीचा व्यास, इथे १५५ मिमी) एक वेढा, म्हणजे ३.१ मीटरला एक. गोळा सेकंदाला ८२७ मीटर वेगाने सुटला तर सेकंदाला सुमारे २६७ फेरे. म्हणून पट्टा सैल, तिरका किंवा ठोकर बसलेला असेल तर तो गोळा बाजूला काढायचा. तसंच गोळा नळीत जोरात ठोकून बसवावा लागतो. अर्धवट बसलेला गोळा नळी वर उचलली की मागे घसरून चार्जवर येतो, आणि त्या अवस्थेत फायर करणं जिवावरचं काम.

धातुकाम

पोलादी बॉडीची बाजू मी लिहितो, कारण ‘लोखंडाची नळीच तर आहे’ असं अनेकांना वाटतं.

ठरावीक लांबीचे पोलादी ठोकळे कापून सुमारे ११०० अंशांपर्यंत तापवतात. मग प्रेसवर टप्प्याटप्प्याने: आधी ठोकळा बसता करायचा, मग मधून भोक पाडायचं, मग ताणून लांब करायचं. थंड झाल्यावर लेथवर बाहेरून-आतून खरडायचं. मग वरचं टोक पुन्हा तापवून आत वळवायचं, म्हणजे नाक येतं. त्यानंतर तेलात विझवून टेम्परिंग, तांब्याचा पट्टा चढवणं, दाबाची चाचणी, फॉस्फेटिंग, आतून लॅकर, बाहेरून रंग. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनच्या कारखान्यात हेच दशकानुदशकं चालू आहे, आणि तिथली इमारत मुळात रेल्वे इंजिनं दुरुस्त करायला बांधलेली होती.

चुकतं कुठे? भोक मध्यावर पडलं नाही तर एका बाजूची भिंत जाड, दुसरीकडची पातळ. असा गोळा फिरताना डुलतो आणि नेम जातो. टेम्परिंग बिघडलं तर एक तर पोलाद मऊ राहून नळीत फुगतं, नाहीतर इतकं ठिसूळ होतं की सुटताना तडकतं. हे दोष डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक हीट ट्रीटमेंट लॉटमधले नमुने कापून, ओढून बघतात.

नवी लाइन टाकायची तर जड प्रेस, फर्नेस आणि लेथ लागतात. प्रेसची ऑर्डर दिली की ती यायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. मार्चमध्ये ठरवून पुढच्या मार्चमध्ये दहा लाख का झाले नाहीत, त्यातलं निम्मं उत्तर इथे आहे. टेक्सासमधल्या मेस्किटला नवा कारखाना मे २०२४ मध्ये उघडला, युद्ध सुरू झाल्यावर सव्वादोन वर्षांनी. आणि तरीही अमेरिकेचं उत्पादन २०२५ च्या मध्यात महिन्याला ४० हजारांच्या आसपासच होतं. लक्ष्य होतं एक लाख.

मीनल_भ

बाकीचं निम्मं उत्तर भरणीत आहे.

टीएनटी सुमारे ८० अंशांना वितळतो, म्हणून तो वाफेवर वितळवून ओतता येतो. अडचण थंड होताना येते. तूप थिजताना मधोमध खड्डा पडतो ना, तसाच टीएनटीही आक्रसतो. म्हणून थंड व्हायचा वेग सांभाळावा लागतो आणि वर जादा माल ठेवून तो खाली उतरू द्यावा लागतो. तरीही पोकळी राहिलीच तर? गोळा सुटताना गुरुत्वाच्या दहा हजार पटीहून जास्त धक्का बसतो. पोकळी झटक्यात दबते, आतली हवा तापते आणि गोळा नळीतच फुटू शकतो. म्हणून भरलेल्या गोळ्यांचा एक्स-रे काढतात. बुडाशी फट, मध्ये पोकळी, तडा दिसला की गोळा नापास. हा टप्पा घाई करून आटोपता येत नाही.

आता कच्चा माल. अमेरिकेत १९८६ नंतर टीएनटी बनलाच नाही. प्रदूषण, गुलाबी सांडपाण्याची विल्हेवाट, आणि बाहेरून स्वस्त मिळतोय मग कशाला, अशी सगळी कारणं होती. युद्ध पेटलं तेव्हा नाटोतला मोठा टीएनटी उत्पादक म्हणून उरला होता पोलंडमधला बिडगोश्चचा नायट्रो-केम. शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये केंटकीत नवा कारखाना उभारण्यासाठी ४३ कोटी ५० लाख डॉलरचं कंत्राट दिलं गेलं.

प्रोपेलंटचंही तेच. त्याचा पाया नायट्रोसेल्युलोज, आणि ते बनतं कापसाच्या लिंटरपासून. जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहतो तो आखूड तंतू म्हणजे लिंटर. युरोप तो मुख्यतः चीनकडून घेतो, आणि युरोपीय आयुक्त थिएरी ब्रेटाँ यांनी २०२४ मध्ये हे उघडपणे मांडलं. ज्या देशाबद्दल उद्याची काळजी, त्याच्याच कापसावर आजची तोफ.

तळ्यात_मळ्यात

उत्तम माहिती. एक शंका: इतके गोळे लागणार हे माहीत असेल तर २०-२५ वर्षांचा साठा करून का ठेवत नाहीत? पोलाद काय सडतं?

गोलंदाज

पोलाद टिकतं, चार्ज टिकत नाही. नायट्रोसेल्युलोज हळूहळू आपोआप विघटित होतं. ते रोखायला स्टॅबिलायझर घातलेला असतो, आणि तो वर्षागणिक खर्च होतो. किती उरलाय हे ठरावीक मुदतीने प्रयोगशाळेत तपासावं लागतं. संपत आला की तो लॉट नष्ट करायचा, कारण साठ्यातच आपोआप पेटायचा धोका. उष्णता जितकी जास्त तितकं हे लवकर होतं, त्यामुळे आपल्याकडे राजस्थान-विदर्भाच्या उन्हाळ्यात साठवण हाच मोठा प्रश्न.

तापमानाचा दुसरा परिणाम थेट माऱ्यावर. रेंज टेबल २१ अंशांचा चार्ज धरून केलेलं असतं. उन्हात तापलेला चार्ज जास्त दाब देतो, गोळा लांब जातो, थंडीत उलट. म्हणून चार्ज सावलीत ठेवणं, त्याचं तापमान मोजणं आणि एका माऱ्यात एकाच लॉटचे चार्ज वापरणं हे शिस्तीचे भाग आहेत. युक्रेनकडे डझनभर देशांचे गोळे आणि चार्ज आले. सगळे १५५ चेच, पण प्रत्येकाचं वागणं वेगळं. प्रत्येक मिश्रणाला वेगळी दुरुस्ती लागते.

वैनगंगा

पुलगावचा उल्लेख इथे यायलाच हवा. ३१ मे २०१६ ला वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागून स्फोट झाले, किमान १६ जण गेले. त्या शेडमध्ये रणगाडाविरोधी सुरुंग होते, त्यांतून टीएनटी झिरपत असल्याचं पुढे आलं. अडीच वर्षांनी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, त्याच परिसरात मुदत संपलेली स्फोटकं नष्ट करण्यासाठी उतरवताना सहा माणसं गेली. त्यात आसपासच्या गावांतले मजूर होते. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत आठ जण गेले.

देशातल्या दारूगोळ्याचा मोठा भाग महाराष्ट्रात तयार होतो: खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा, भद्रावतीची चांदा फॅक्टरी. अंबाझरीला पोलादी बॉडी. ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या केल्या. दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया पुण्यात आहे, बॉडीची यंत्र इंडिया नागपुरात. त्याआधी ऑगस्टमध्ये संप रोखणारा अत्यावश्यक संरक्षण सेवा कायदा आला.

‘क्षमता वाढवा’ म्हणणं सोपं आहे. स्फोटकांच्या इमारतीत काम करणारा कामगार म्हणजे डीबीडब्ल्यू, डेंजर बिल्डिंग वर्कर. एओसीपी (रासायनिक कारखान्यातला ऑपरेटर) ट्रेडची ॲप्रेंटिसशिप केलेल्या मुलांमधून आता हीच पदं मुदतीवर भरली जातात. इमारतीच्या दारावर दोन आकडे लिहिलेले असतात: आत एका वेळी किती माणसं आणि किती किलो स्फोटक. भोवती मातीचा बांध, पायात स्थिर वीज जमू न देणारे बूट, ठिणगी न पडणारी हत्यारं. उत्पादनाचा दबाव वाढला की पहिला ताण याच दोन आकड्यांवर येतो. टार्गेट गाठायला आणखी एक ट्रॉली आत घेतली, आणखी दोन माणसं आत थांबली, की अपघात झाल्यावर मृतांचा आकडा वाढतो. मर्यादा त्यासाठीच असते. ती स्फोट टाळत नाही, मेलेल्यांची संख्या कमी ठेवते. मुदतीवर घेतलेला पोरगा सुपरवायझरला ‘मर्यादा भरली, थांबा’ म्हणू शकतो का, हा माझ्या लेखी देशाच्या सुरक्षेचाच प्रश्न आहे.

सह्यगिरी

वैनगंगाताई, हा मुद्दा माझ्या मूळ लेखात यायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. अनुभवी हात दर चार-पाच वर्षांनी बदलले तर दर्जाही टिकणार नाही. भरणीतली पोकळी टाळायचं कसब पुस्तकात मिळत नाही.

ड्रोनपर्व

सगळं मान्य, पण चर्चा मागच्या युद्धाची चालली आहे. लंडनच्या रॉयल युनायटेड सर्व्हिसेस इन्स्टिट्यूटने २०२५ च्या सुरुवातीला म्हटलं की रशियाची जी रणसामग्री नष्ट वा निकामी होते त्यातली ६० ते ७० टक्के छोट्या ड्रोनमुळे. युक्रेनने २०२५ मध्ये ४५ लाख एफपीव्ही ड्रोन (चालक ड्रोनच्या कॅमेऱ्यातून बघत उडवतो ती) घ्यायचं ठरवलं. काही शे डॉलरचं ड्रोन रणगाड्याच्या टपावर नेमकं आदळतं. नागपुरात बनलेलं नागास्त्र-१ आपल्या सैन्याकडे आलंय: नऊ किलो वजन, एक किलोचं स्फोटक, चालकाच्या नियंत्रणात १५ किलोमीटर, आणि लक्ष्य सापडलं नाही तर पॅराशूटने परत. मग ४५ किलोच्या ‘मुक्या’ गोळ्यात पैसे का घालायचे?

गोलंदाज

ड्रोनपर्व, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष पटत नाही. युक्रेनने ड्रोन इतक्या वेगाने वाढवले त्यामागे गोळ्यांची टंचाई हे मोठं कारण होतं. २०२३-२४ च्या हिवाळ्यात अमेरिकी मदत अडकली, तोफा गप्प बसल्या, ती जागा ड्रोनने भरली.

ड्रोनच्या मर्यादा बघा. धुकं, पाऊस, जोराचा वारा यांत ते थांबतं. जॅमिंगला तोंड द्यायला फायबर ऑप्टिकची तार ओढणारी ड्रोन आली, पण तार झाडात अडकते आणि रिळाचं वजन स्फोटकाच्या वजनातून जातं. एक चालक एका वेळी एकच ड्रोन उडवतो. गोळा रात्री, पावसात, जॅमरच्या छत्रीखाली सारखाच पडतो. जमिनीत खणलेल्या मोर्च्यावर ११ किलो टीएनटी आणि एक किलो यांत फार फरक आहे. शिवाय धूर करणं, रात्री उजेड पाडणं, शत्रूला तासभर डोकं वर काढू न देणं ही कामं गोळ्याचीच. ‘हुशार’ गोळाही सगळ्यावर उपाय ठरला नाही: जीपीएसवर चालणारा एक्सकॅलिबर रशियन जॅमिंगपुढे निष्प्रभ होत गेला.

ड्रोनने बदललं ते हे: लक्ष्य शोधणं आणि मारा सुधारणं. पूर्वी अंदाजाने तीस-चाळीस गोळे टाकायचे, तिथे वरून बघून दुरुस्ती केली की थोडक्यात काम होतं. दोन्ही लागतात.

आणि नळीचं आयुष्य कुणी धरलेलं नाही. पूर्ण चार्जवर सतत मारा केला की दोन-अडीच हजार गोळ्यांत नळी झिजते. आधी रेंज घटते, मग विखुरणं वाढतं. युक्रेनला तोफा नळी बदलायला पोलंडपर्यंत न्याव्या लागल्या. गोळे मोजताना नळ्याही मोजा.

कागदपत्र

राजकारणाबद्दल थोडं. बोफोर्सचा करार २४ मार्च १९८६ चा: ४१० तोफा, १,४३७ कोटी. १६ एप्रिल १९८७ ला स्वीडिश रेडिओने लाचेची बातमी दिली आणि पुढची तीस वर्षं मोठ्या तोफेच्या परदेशी करारावर सही करायला कुणी धजलं नाही. एम-७७७ चा करार नोव्हेंबर २०१६ मध्ये झाला. ज्या तोफेने सरकार हादरवलं तिनेच १९९९ मध्ये कारगिल जिंकून दिलं. त्या युद्धात सगळ्या प्रकारच्या तोफा, उखळी तोफा आणि रॉकेटं मिळून अडीच लाख फैरी झडल्या; टायगर हिल घेतला त्या दिवशी नऊ हजार. लाच प्रकरणानंतर बोफोर्स कंपनीवर घातलेल्या बंदीमुळे सुटे भाग मिळत नव्हते, म्हणून एका बोफोर्सचे भाग काढून दुसरी चालू ठेवायची वेळ आली होती.

त्यातून धडा घेतला का? नियम होता ४० दिवसांच्या तीव्र युद्धाचा साठा. २०१७ च्या कॅग अहवालात १५२ पैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांहून कमी निघाला, आणि मोठ्या कॅलिबरचा ८३ टक्के दारूगोळा फ्यूज नसल्याने वापरण्याजोगा नव्हता. गोलंदाज यांनी वर चार वस्तू सांगितल्या, त्यांतली एकच कमी होती. गोळे भांडारात रचलेले, ताळेबंदात मोजलेले, आणि लढाईला निरुपयोगी.

अपर्णा_क

उत्पादनाची चर्चा वाचताना हा गोळा शेवटी कुठे पडतो हेही लिहायला हवं.

जुलै २०२३ मध्ये अमेरिकेने युक्रेनला क्लस्टर गोळे दिले, आणि कारण सरळ सांगितलं: साधे गोळे संपत आलेत. १५५ चा एम-४८३ए१ गोळा हवेत उघडून ८८ छोटे बॉम्ब पसरवतो. त्यातले २.३५ टक्क्यांहून जास्त न फुटता राहणार नाहीत असा अमेरिकेचा दावा. दावा खरा धरला तरी दर गोळ्यामागे शेतात दोन जिवंत बॉम्ब. अशा अस्त्रांवर बंदी घालणारा करार १ ऑगस्ट २०१० पासून लागू आहे. अमेरिका, रशिया, युक्रेन, चीन आणि भारत त्यात नाहीत, आणि मार्च २०२५ मध्ये लिथुआनिया त्यातून बाहेर पडला. कारखाने वेळेवर उभे केले नाहीत, त्याची किंमत पुढची कित्येक वर्षं तिथले शेतकरी मोजणार.

दुसरा मुद्दा निर्यातीचा. २०२४-२५ मध्ये भारताची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटींवर गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये रॉयटर्सने बातमी दिली की युरोपीय ग्राहकांना विकलेले भारतीय गोळे युक्रेनला पोचले. परराष्ट्र मंत्रालयाने ती अटकळबाजी आणि दिशाभूल करणारी म्हटली. खरेदीदार ‘एंड यूजर सर्टिफिकेट’वर सही करतो की माल आम्हीच वापरू, परवानगीशिवाय पुढे देणार नाही. पण गोळा एकदा दुसऱ्या देशाच्या भांडारात गेला की प्रत्यक्ष पडताळणी कोण करणार? शस्त्र व्यापार करारावर २०१३ मध्ये मतदान झालं तेव्हा भारत तटस्थ राहिला. विकायचंच असेल तर विकल्यानंतर तपासायची यंत्रणाही हवी, आणि तिचा खर्च किमतीतच धरायला हवा.

ड्रोनपर्व

अपर्णाताई, पडताळणीचा मुद्दा ड्रोनलाही जसाच्या तसा लागू आहे. गोलंदाज, नळीच्या झिजेचा हिशोब मी धरला नव्हता, तो पटला.

आता एक सांगा: मार्च २०२५ मध्ये पुण्याच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने विकसित केलेल्या एटॅग्सच्या ३०७ तोफांचा करार झाला, सुमारे ६,९०० कोटींचा. यांना जुन्याच बोफोर्सचे गोळे चालतील ना?

गोलंदाज

गोळा १५५ चाच, त्यामुळे नळीत बसेल. पण ‘चालणं’ चार्जवर ठरतं. बोफोर्सची नळी ३९ कॅलिबर लांब, धनुषची ४५, के-९ वज्र आणि एटॅग्सची ५२. नाटोच्या प्रमाणात ३९ कॅलिबर तोफेचं चेंबर (नळीच्या मागची चार्ज ठेवायची जागा) १८ लिटर, ५२ चं २३ लिटर. एटॅग्सचं चेंबर २५ लिटर, तिथूनच तिची ४८ किलोमीटरपर्यंतची रेंज येते. म्हणजे पूर्ण रेंज हवी तर त्या चेंबरसाठी बनवलेला चार्ज हवा, आणि बेस ब्लीडसारखा लांब पल्ल्याचा गोळा. जुना गोळा, छोटा चार्ज वापरला तर एटॅग्स जुन्या तोफेइतकीच मारेल.

मॉड्युलर चार्ज, म्हणजे डब्यांसारखे एकापुढे एक लावायचे ते, बिहारमध्ये नालंदाला बनतात. तोफांचे आकडे वर्तमानपत्रात येतात, पण माझं लक्ष तीन गोष्टींवर असेल: नालंदाची महिन्याची क्षमता, इलेक्ट्रॉनिक फ्यूजचा पुरवठा, आणि प्रत्येक तोफेमागे राखीव नळ्या किती मागवल्या. सप्टेंबर २०१७ मध्ये पोखरणला एम-७७७ च्या चाचणीत भारतीय गोळा झाडताना नळी फुटली होती, म्हणून तोफ, गोळा आणि चार्ज यांची प्रत्येक जोडी वेगळी सिद्ध करावी लागते, गरम करून, थंड करून, झिजलेल्या नळीतून. त्या चाचण्यांना महिने लागतात आणि त्यासाठी शेकडो गोळे खर्ची पडतात. करारात तेवढे गोळे धरलेत का, हे आधी बघायचं.